हाताची अडचण आणि जिभेची अडचण

बोललेले ऐकून ते टाइप करणारे सॉफ्टवेअर आता साध्या स्मार्टफोनच्या कळफलकावरही असते. माइकच्या छोट्या चित्रावर बोट ठेवले की झाले. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांना ही सोय दिली, आणि तेव्हापासून मराठी घरांत कितीतरी लोक व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप बोलूनच लिहितात. ज्या मुलांना लिहायला जमत नाही किंवा ज्यांचे बोलणे नीट कळत नाही, त्यांच्यासाठी हे यंत्र वरदान आहे, असे मग पालकांना ओघानेच सांगितले जाते. 'वाचा आणि लेखनाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी उपयुक्त' हे वाक्य तर ठरलेलेच. माझा आक्षेप त्या वाक्यातल्या 'आणि'ला आहे. लिहिताना अडणारे मूल आणि बोलताना अडणारे मूल यांना हे सॉफ्टवेअर सारखे वागवत नाही. पहिल्यासाठी ते आजच, मराठीतही, वापरण्याजोगे आहे आणि ते नाकारण्याची बहुतेक कारणे तपासली तर टिकत नाहीत. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र ते ज्या तत्त्वावर चालते तेच त्या मुलाच्या आड येते. दोघांना एका माळेत ओवल्यामुळे पहिल्याला हक्काचे साधन मिळत नाही आणि दुसऱ्याच्या पदरी खोटी आशा पडते.

आधी लेखनाचे पाहू. लिहिताना दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. काय सांगायचे ते ठरवणे, त्याचा क्रम लावणे, वाक्य जुळवणे हे एक, आणि ते वाक्य अक्षरांत उतरवणे हे दुसरे. सराव झालेल्या माणसाचा हात दुसरे काम आपसूक करतो, म्हणून डोके पहिल्यासाठी मोकळे राहते. डिसग्राफिया (लेखन-अक्षमता) किंवा डिसलेक्सिया (वाचन-अक्षमता) असलेल्या मुलाचे तसे होत नाही. वेलांटी पहिली की दुसरी, रफार कोणत्या अक्षरावर, 'ष्ट' कसा काढायचा, दोन शब्दांत जागा किती सोडायची, याच विवंचनेत त्याचे सगळे लक्ष खर्च होते आणि वाक्याचा उत्तरार्ध तोवर डोक्यातून निसटतो. जलचक्र तोंडी व्यवस्थित समजावून सांगणारे मूल लेखी उत्तरात 'पाणी वर जाते मग पाऊस पडतो' एवढ्यावर थांबते. त्याहून सूक्ष्म नुकसान शब्दांचे होते. 'बाष्पीभवन' हा शब्द त्याला ठाऊक असतो, पण तो लिहिताना चुकणार याची खात्री असल्याने ते सोपा शब्द निवडते, आणि तपासणाऱ्याला वाटते की त्याची समजच तेवढी आहे. देवनागरीत उच्चार तसे अक्षर असल्यामुळे मराठी माध्यमात हा त्रास नसतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिसलेक्सिया ओळखण्यासाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, तिच्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे, ती उगीच नव्हे. शिवाय मराठीच्या रोजच्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा ऐकू येत नाही. तो लक्षातच ठेवावा लागतो, आणि नेमके तेच या मुलांना जड जाते.

दुसरे काम यंत्रावर सोपवले तर पहिले सुधारते का, हा प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांनी बराच आधी विचारला होता. १९९० मध्ये 'ड्रॅगन डिक्टेट' बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ९,००० डॉलर होती आणि वापरताना प्रत्येक शब्दानंतर क्षणभर थांबावे लागे. अशा अवघडलेल्या यंत्रांच्या काळातच हिगिन्स आणि रास्किंड या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज येथे अध्ययन अक्षमता असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून तीन तऱ्हांनी निबंध लिहून घेतले: कोणत्याही मदतीविना, लेखनिकाला सांगून आणि यंत्राला सांगून. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात यंत्राला सांगितलेल्या निबंधांना विनामदत निबंधांपेक्षा वरचा दर्जा मिळाला. कारण शोधताना दिसले की बोलून लिहिताना विद्यार्थी लांबलचक शब्द बेधडक वापरत होते. 'बाष्पीभवन' सुटत नव्हते, असे आपण म्हणू. २००४ मध्ये मॅकार्थर आणि कॅव्हेलियर यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. अध्ययन अक्षम मुलांचे लेखन माणसाला सांगून सर्वांत चांगले उतरले, यंत्राला सांगून त्याखालोखाल, आणि हाताने सर्वांत कच्चे. त्याच वर्षी क्विनलन यांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांकडून गोष्टी लिहवून घेतल्या. ज्या मुलांचे लेखन अडखळत होत असे त्यांच्या गोष्टी यंत्राला सांगताना लांबल्या आणि चुका घटल्या. हे सगळे आजच्या मानाने जुनाट यंत्रांवर घडले आहे, हे महत्त्वाचे. १९९७ चे 'ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग' सलग बोलणे ओळखू लागले, पण त्याला आपल्या आवाजाची ओळख करून देण्यासाठी आधी पडद्यावरचा मोठा मजकूर वाचून दाखवावा लागे. म्हणजे ज्या मुलाला वाचता येत नाही म्हणून यंत्र हवे, त्यानेच आधी वाचून दाखवायचे! शाळांनी यावर तोड काढली ती अशी की कुणीतरी शेजारी बसून हळूच एकेक वाक्य सांगायचे आणि मुलाने ते मोठ्याने म्हणायचे. आजच्या फोनला यातले काही लागत नाही.

'मग मूल लिहायला शिकणारच नाही' हा पालकांचा आणि शिक्षकांचा पहिला आक्षेप असतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हाताने अक्षर गिरवण्याचा संबंध ते अक्षर ओळखता येण्याशी असतो. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलाच्या हातातून पेन्सिल काढून घेऊन माइक देणे मला मान्य नाही. पण आक्षेप त्यापुढे ताणला जातो तेव्हा तो पुराव्याच्या विरोधात जातो. हिगिन्स आणि रास्किंड यांनी २००० मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या पुढच्या अभ्यासात हे सॉफ्टवेअर काही महिने वापरणाऱ्या मुलांचे शब्द ओळखणे आणि वाचून समजणे तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारले. विशेष म्हणजे एकेका शब्दावर थांबायला लावणाऱ्या जुन्या यंत्राने त्यांच्या शब्दलेखनातही सुधारणा झाली. यात चमत्कार नाही. मूल शब्द उच्चारते, लगेच तो बरोबर लिहिलेला समोर दिसतो, चुकला असेल तर पर्यायांतून योग्य तो शोधावा लागतो. स्वतःचाच शब्द, स्वतःच्याच तोंडून निघालेला, त्या क्षणी लिखित रूपात पाहण्याची ही संधी वहीत पुन्हा पुन्हा 'दहा वेळा लिहून आण' सांगून मिळत नाही. यातून एक व्यावहारिक सूचना निघते: शिकवण्यासाठी वापरताना मुलाला भराभर परिच्छेद सांगू देण्यापेक्षा एकेक वाक्य सांगायला लावून ते तपासू द्यावे. वेग हा इथे गुण नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा. सगळीच मुले बोलून लिहू लागली तर त्यांचेही गुण वाढतील, मग काही जणांनाच ही सोय का? मॅकार्थर आणि कॅव्हेलियर यांचा प्रयोग नेमका याच प्रश्नासाठी रचलेला होता. अध्ययन अक्षमता नसलेल्या मुलांच्या लेखनात पद्धतीमुळे फरक पडला नाही. हाताने लिहिले काय, यंत्राला सांगितले काय, दर्जा तोच. जी सोय एखादी विशिष्ट अडचण असलेल्यालाच उंचावते आणि इतरांना जागच्या जागी ठेवते, तिला आगाऊ फायदा म्हणता येत नाही. मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण यंत्र कमावून देईल, ही शंका रास्त आहे, कारण ऱ्हस्व-दीर्घ यंत्र ऐकून लिहीत नाही, वाचलेल्या मजकुरांच्या सवयीने लिहिते. पण अध्ययन अक्षम मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची सवलत महाराष्ट्रात आधीपासूनच आहे. जे गुण कापलेच जात नाहीत ते यंत्राने चोरण्याचा प्रश्न येत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञानात तर हा मुद्दा उद्भवतच नाही.

'लेखनिक आहे ना' हा तिसरा आक्षेप, आणि सर्वांत वजनदार. २००४ च्या प्रयोगात माणूस यंत्राहून सरस ठरला, हे वर सांगितलेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला आणि लेखनिक व जादा वेळ यांसारख्या सोयी देण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले: हाताला गोळे येण्याच्या विकारामुळे लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की लेखनिकाचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरता बांधून ठेवता येणार नाही. ही मोठी गोष्ट आहे. पण लेखनिक परीक्षेच्या दिवशी येतो. रोजचा गृहपाठ, प्रयोगवही, वर्गात उतरवून घ्यायच्या नोंदी आणि भावाला पाठवायचा निरोप यांसाठी तो नसतो. तो शोधावा लागतो, त्याची पात्रता, कागदपत्रे आणि परवानगी जमवावी लागते, आणि शेवटी बसतो तो बहुधा खालच्या इयत्तेतला एखादा मुलगा, ज्याला 'प्रकाशसंश्लेषण' पहिल्यांदाच ऐकू येत असते. वर्षभर हाताने कसेबसे दोन ओळी लिहिणारे मूल मार्चमध्ये अचानक दुसऱ्या माणसाला तीन तास सलग मजकूर सांगू शकेल, ही अपेक्षाही भाबडी आहे. सांगून लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला सराव लागतो. यंत्रावर वर्षभर तो सराव झालेले मूल परीक्षेत लेखनिकालाही चांगले सांगेल.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत आणि पालकांना त्या आधी कळायला हव्यात. यंत्र शब्द सहसा अशुद्ध लिहीत नाही. ते चुकते तेव्हा दुसराच शुद्ध शब्द लिहिते. हाताने लिहिताना 'पाऊस'चा 'पाउस' झाला तर वाचणाऱ्याला अर्थ कळतो. यंत्राने 'पाऊस'च्या जागी 'पास' लिहिले तर वाक्यच कोसळते, आणि ज्या मुलाला वाचायला जड जाते त्याच्या डोळ्यांना ती चूक दिसत नाही, कारण प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर बरोबरच असतो. म्हणून बोलून लिहिण्याच्या जोडीला लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणारी सोय हवीच. ती जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते. डोळ्याने न सापडणारी चूक कानाला चटकन सापडते. दुसरे, बोलण्याला लेखनाचा घाट आपोआप येत नाही. 'मग काय झालं, मग तो गेला, मग' अशी लांबच लांब साखळी उमटते. क्विनलन यांच्या प्रयोगात आधी थोडा आराखडा करणाऱ्या मुलांचे लेखन अधिक चांगले उतरले, तेव्हा बोलण्यापूर्वी चार मुद्दे चित्रांनी किंवा खुणांनी मांडायला शिकवणे हा या साधनाचाच भाग समजावा. तिसरे, पन्नास मुलांच्या वर्गात सगळा गोंगाट माइकमध्ये शिरतो. हेडफोनला जोडलेला माइक आणि वर्गाबाहेरचा एखादा कोपरा यांनी ते बरेच भागते, पण पूर्ण नाही. आणि वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य यंत्र एक तर प्रमाण मराठीत वळवते किंवा त्याचा पार विचका करते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'रेस्पिन' प्रकल्पाने मराठीसह नऊ भाषांचे बोलीनिहाय ध्वनिमुद्रण जमवले आहे. त्याचा लाभ या मुलांपर्यंत यायला हवा.

आता बोलण्याकडे वळू, आणि इथे चित्र उलटे होते. यंत्र आवाज ओळखते म्हणजे दोन गोष्टी करते. आवाजात कोणते ध्वनी असावेत याचा अंदाज बांधते, आणि त्या ध्वनींपासून कोणती वाक्ये संभवतात याचा हिशेब आधी पाहिलेल्या प्रचंड मजकुराच्या जोरावर मांडते. दोन्ही ठिकाणी ते 'बहुतेक लोक कसे बोलतात' यावर विसंबते. मुलांचा आवाज इथेच पहिली अडचण निर्माण करतो. प्रौढ पुरुषाची स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. मुलाची बरीच आखूड, म्हणून तिच्यातले अनुनाद वरच्या पट्टीत सरकतात. पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला शंभर ते सव्वाशेच्या आसपास, तर मुलाची अडीचशे-तीनशेच्या घरात असतात. कंपनांची संख्या जितकी जास्त, तितके त्यांचे पूरक स्वर एकमेकांपासून दूर पडतात, आणि 'इ' की 'ए' हे ठरवणारे अनुनादाचे शिखर त्या दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत हरवू शकते. भर म्हणजे एकच मूल एकच शब्द दोनदा सारखा उच्चारत नाही. ही चंचलता वाढत्या वयाबरोबर कमी होत किशोरवयात प्रौढांच्या पातळीला येते. म्हणजे वाचादोष नसलेल्या मुलाचे बोलणेही यंत्राला परकेच. परकेपणाची किंमत किती असते ते स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजले: पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणांनी गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका केल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. त्या लोकांच्या उच्चारात दोष नव्हता. यंत्राने त्यांना पुरेसे ऐकले नव्हते, एवढेच.

सेरेब्रल पाल्सीमुळे जिभेवर ताबा नसणारे, अडखळत बोलणारे किंवा 'काका'ला 'ताता' म्हणणारे मूल समोर आले की हा परकेपणा कितीतरी पटींनी वाढतो. 'ताता' ऐकून यंत्र बहुधा 'टाटा' लिहील. अडखळणाऱ्या मुलाने शब्दाआधी दोन सेकंद घेतले की बोलणे संपले असे समजून माइक बंद होईल. त्याहून वाईट म्हणजे काही यंत्रणा शांतता सहन करू शकत नाहीत. ओपनएआयने २०२२ मध्ये आणलेली 'व्हिस्पर' ही ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर घडवलेली यंत्रणा फार सक्षम मानली जाते. पण २०२४ मधल्या एका अभ्यासात तिने सुमारे एक टक्का तुकड्यांत कुणी न बोललेली अख्खी वाक्ये घुसडल्याचे आढळले, आणि मेंदूच्या इजेमुळे अडत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते. ज्याला आपले म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवणे आधीच कठीण, त्याच्या तोंडी यंत्राने आपली वाक्ये घालावीत, यासारखा दुसरा अन्याय नाही.

इथे या विषयातला सर्वांत कमी चर्चिला जाणारा पेच येतो. लेखनासाठी आपल्याला क्षमाशील यंत्र हवे: मूल 'लाजा' म्हणाले तरी संदर्भावरून 'राजा' लिहिणारे. वाचाउपचारासाठी मात्र काटेकोर यंत्र हवे: 'लाजा' ऐकले तर 'लाजा'च दाखवणारे. 'एक होता लाजा' असे म्हणणाऱ्या मुलाच्या पुढ्यात फोन जेव्हा 'एक होता राजा' उमटवतो, तेव्हा लेखनाचे काम होते आणि उच्चाराचा सराव फसतो, कारण चुकलेल्या उच्चाराला पडद्याने बरोबरची खूण दिली. म्हणून घरी फोनवरच्या व्हॉइस टायपिंगला 'स्पीच थेरपी' समजून मुलाला तासन्‌तास बसवणे निरर्थक आहे. काटेकोर यंत्रे अशक्य नाहीत. मूल काय म्हणणार आहे हे आधीच ठरलेले असेल तर काम सोपे होते. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'तारा' हे साधन मुलांचे इंग्रजी आणि हिंदी प्रकटवाचन तपासते आणि केंद्रीय विद्यालयांत वापरले गेले आहे. समोरचा उतारा ठाऊक असल्याने ते काय वाचले, काय गाळले, कुठे अडले हे सांगू शकते. ठरावीक शब्दांच्या उच्चारासाठी मराठीत असे साधन करता येईल. पण 'र' का निघत नाही, जीभ कुठे ठेवायची, कान नीट ऐकतात की नाही, हे पाहायला वाचाउपचारतज्ज्ञच लागतो.

यावर एक आशावादी उत्तर दिले जाते: त्या एका मुलाच्या बोलण्यावरच यंत्राला शिकवा. उत्तर चांगले आहे. गूगलच्या 'युफोनिया' प्रकल्पात वाचादोष असलेल्या माणसांची दहा लाखांहून अधिक वाक्ये जमवली गेली, आणि २०२१ मध्ये त्या संशोधकांनी दाखवले की व्यक्तिगत शिकवणी दिलेली यंत्रणा छोट्या वाक्यांच्या बाबतीत अनोळखी माणसाच्या कानापेक्षाही सरस ठरू शकते. बोलणे विचित्र वाटले तरी नियमाने विचित्र असेल, तर तो नियम यंत्र शिकते. आई नाही का मुलाचे सगळे बोलणे समजत? पण अटी पाहा. गूगलच्याच 'प्रोजेक्ट रिलेट' या अ‍ॅपने सुरुवातीलाच सुमारे ५०० वाक्ये म्हणून दाखवायला सांगितली. एकेक शब्द काढताना दमणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी हा डोंगर आहे. इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये अमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने सुरू केलेला मोठा संग्रहही मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांचा आहे. आणि नियम असेल तरच नियम शिकता येतो. सेरेब्रल पाल्सीतल्या बोलण्यात तो बऱ्याचदा सापडतो; अ‍ॅप्रॅक्सियात मेंदूकडून जिभेला जाणारी आखणीच दर वेळी चुकते, एकच शब्द तीनदा तीन तऱ्हांनी निघतो, तिथे व्यक्तिगत शिकवणीचाही पाय घसरतो. अशा मुलांना आज हाताशी असलेले साधन वेगळेच आहे: चित्रांवर बोट ठेवले की शब्द बोलून दाखवणारे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन शाखेने केलेले 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. हात आणि जीभ दोन्ही अडलेल्या मुलासाठी सुरुवात तिथून व्हावी, माइकपासून नव्हे. चित्रांनी बोलू लागलेले मूल बोलायचा प्रयत्न सोडून देईल, अशी भीती पालकांना वाटते. उलट आपले म्हणणे पोहोचते हे कळल्यावर मुलाचा संवादाचा उत्साह टिकतो.

'आवाज जमवत राहा, सगळे सुधारेल' हेही अर्धेच खरे. आयआयटी मद्रासच्या 'एआय फॉर भारत' गटाने २२ भारतीय भाषांतले हजारो तासांचे बोलणे जमवून खुले केले आहे, पण तोही संग्रह प्रौढांचा. मराठी मुलांच्या, त्यातही अडखळत बोलणाऱ्या मराठी मुलांच्या आवाजाचा मोठा संग्रह आपोआप उभा राहणार नाही, कारण त्यातून कुणाला नफा नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे अशी मुले रोज उपचारासाठी येतात, पालकांच्या लेखी संमतीने आणि ओळख पुसून हे काम होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. मुलाचा आवाज कुठल्या तरी सर्व्हरवर जातो ही पालकांची काळजी अनाठायी नाही. म्हणून शाळांनी शक्यतो फोन किंवा संगणकातच चालणारी, इंटरनेटवर आवाज न पाठवणारी यंत्रणा निवडावी. अशा यंत्रणा आता उपलब्ध आहेत.

पालकांनी करायचे ते इतकेच: मूल नेमके कुठे अडते ते आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. बोलणे स्वच्छ असेल आणि हातच अडत असेल तर तिसरी-चौथीपासून रोज थोडा वेळ बोलून लिहायला आणि लिहिलेले ऐकून दुरुस्त करायला शिकवावे, अक्षराचा सराव चालू ठेवून. बोलणेच अडत असेल तर माइकची घाई नको, वाचाउपचारतज्ज्ञ आणि चित्रांचे साधन आधी. शिक्षण मंडळाने करायचे तेही थोडकेच आहे. लेखन-अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा केंद्रातल्या इंटरनेट तोडलेल्या संगणकावर, वेगळ्या खोलीत, पर्यवेक्षकासमोर बोलून उत्तरे लिहिता येतील, असे स्पष्ट कलम सवलतींच्या यादीत घालावे. कुणाला शंका आली तर ताडून पाहायला आवाजाचे मुद्रण असेलच. हे फार धाडसाचे वाटत असेल तर केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना काढून पाहाव्यात: दिव्यांग उमेदवाराला ब्रेल, संगणक किंवा मोठ्या टायपातल्या प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरे ध्वनिमुद्रित करण्याचाही पर्याय शक्यतो द्यावा, असे त्यांत लिहिलेले होते.